खडीच्या भावात खडा!

पुण्याच्या मार्केट यार्डाच्या गूळ-भुसार विभागात शिरलात की काय दिसतं? पोती, गुळाच्या ढेपा, हातगाड्या, ‘बाजूला व्हा, बाजूला’ करत येणारे हमाल आणि लांबूनच नाकात शिरणारी मिरची. पण माहीत आहे का, इथे चक्क खनिजांचाही धंदा चालतो? तोही किलोवर!

पहिला नमुना सैंधव. उपासाला चालतं, पाणीपुरीच्या मसाल्यात पळतं आणि भूगर्भशास्त्राच्या वहीत ‘हॅलाइट’ या भारदस्त नावाने नोंदलं जातं. एक खडा घेऊन हलकेच फोडा. तुकडे काटकोनात पडतील. त्या तुकड्याचे तुकडे करा, पुन्हा काटकोनच! सोडियम आणि क्लोरीनचे अणू आतमध्ये घनाच्या शिस्तीत उभे असतात. तुमच्या हातोडीपुढे ते शिस्त मोडत नाहीत.

दुसरा नमुना तुरटी. दाढीनंतर गालावर फिरवायची, गढूळ पाण्यात ढवळायची. आता धक्का घ्या : तुरटीच्या वजनात सुमारे ४५ टक्के पाणी असतं! म्हणजे किलोभर तुरटी घेतलीत तर साडेचारशे ग्रॅम पाणीच पिशवीत आलं. आजी तव्यावर तुरटीची ‘लाही’ करायची ना? ती फुगते ती हेच पाणी वाफ होऊन निघून जातं म्हणून. दुकानदाराशी भांडू नका, त्याने भेसळ केलेली नाही. हे पाणी स्फटिकाच्या रचनेतच बसलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि खडीसाखर? नावात खडी, रूप स्फटिकाचं, चमकही झकास. तरीही नापास! खनिज म्हणवून घ्यायचं तर निसर्गाने घडवलेलं पाहिजे, ठरावीक रासायनिक घडण पाहिजे आणि आत अणूंची नीटस मांडणी पाहिजे. खडीसाखर कारखान्यात होते, त्यामुळे पहिल्याच फेरीत बाद.

याच नियमाने एक गंमत होते. यार्डाबाहेरच्या रसवंतीत लाकडी हातोड्याने फोडला जाणारा बर्फ खनिज नाही, कारण तो कारखान्यातून येतो. पण वळवाच्या पावसात त्याच रसवंतीच्या पत्र्यावर ताडताड वाजणारी गार? ती शंभर टक्के खनिज! आकाशातून फुकट होम डिलिव्हरी.

जगात आजवर मान्यता मिळालेली खनिजं सहा हजारांच्या वर आहेत. नवं खनिज सापडलं की ‘आमचंच, आमचंच’ म्हणून चालत नाही. १९५८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना कागदपत्रं तपासते, मगच शिक्का बसतो. या सहा हजारांतल्या एका हिरोसाठी आज हा सगळा बँडबाजा. आणि हा हिरो आहे आपला, पुण्याचा!

गुलटेकडी ते वाघोली, व्हाया ट्रॅफिक

गुलटेकडीच्या या मार्केट यार्डातून निघा, नगर रोड गाठा, खराडी ओलांडा आणि सिग्नलदेवता प्रसन्न असेल तर वाघोलीला पोहोचा. वाघेश्वराचं देऊळ, नव्या सोसायट्यांचे टॉवर, खडीचे ट्रक. जगभरच्या खनिजप्रेमींना मात्र हे नाव वेगळ्याच कारणासाठी तोंडपाठ आहे. ज्यांना शनिवारवाडा कुठे आहे हे ठाऊक नाही, अशी मंडळी अमेरिकेत बसून ‘वाघोली’ म्हणतात. उच्चार कसाही करोत, पण म्हणतात!

कारण एकच : कॅव्हनसाइट. निळंशार, काचेसारखं चमकणारं, दुर्मीळ खनिज. अमेरिका, ब्राझील, न्यूझीलंड अशा मोजक्या ठिकाणी ते सापडतं. पण जगातले सर्वांत देखणे नमुने कुठले म्हणाल, तर वाघोलीच्या दगडखाणींतले. यात आमचा पुणेरी अभिमान शून्य टक्के, हे बाहेरचेच लोक म्हणतात. (बरं, पाच टक्के अभिमान धरा.)

दिसतं कसं? पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी स्टिल्बाइट नावाच्या खनिजाची खडबडीत गादी, आणि तिच्यावर ठसठशीत निळे फुलोरे. जवळून पाहिलं की कळतं, प्रत्येक फुलोरा म्हणजे मधल्या बिंदूतून चहूबाजूंनी सुटलेली बारीक स्फटिकांची पाती. टोकं सुटी, कडा धारदार. काही फुलोरे काही मिलिमीटरचे, तर मोठे दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. तो निळा रंग पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, ‘रंगवलाय का हो?’

नाही हो. अस्सल आहे!

नावात काय आहे? सगळंच!

कॅल्शियममधला ‘कॅ’, व्हॅनेडियममधला ‘व्हन’, सिलिकॉनमधला ‘सि’ आणि शेवटी खनिजांचं आडनाव ‘आइट’. झालं कॅव्हनसाइट! काय काय माल भरलाय ते नावातच. पाकिटावर घटक छापायचा नियम या खनिजाने आधीच पाळलेला आहे. फक्त एक घटक लपवला : पाणी.

आठवा आता तुरटी. कॅव्हनसाइटच्या प्रत्येक सूत्रात पाण्याचे चार रेणू अडकलेले असतात. हिशेब केला तर वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी! हातात घेतलं तर कोरडं ठणठणीत, आणि शंभर ग्रॅमच्या शुद्ध खड्यात सोळा ग्रॅम पाणी. महापालिकेच्या नळाला इतकी खात्री नाही.

निळा रंग कुणाचा?

व्हॅनेडियमचा! माहीत आहे का, हा धातू म्हणजे रसायनशास्त्रातला बहुरूपी आहे? इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाले की हा कपडे बदलतो. पाच इलेक्ट्रॉन गमावले की पाण्यात पिवळा, चार गमावले की निळा, तीन गमावले की हिरवा, दोनच गमावले तर जांभळा. प्रयोगशाळेत एकाच चंचुपात्रात हे चारही रंग ओळीने करून दाखवतात आणि पोरं टाळ्या वाजवतात. कॅव्हनसाइटमध्ये चारवाला व्हॅनेडियम बसलाय, म्हणून निळा.

या धातूचं नशीब मात्र फिल्मी. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मान्युएल देल रिओ यांनी तो शोधला. रंगीत क्षार बघून हरखले. मग पॅरिसहून एका तज्ज्ञाने सांगितलं, ‘अहो, हे तर क्रोमियम!’ बिचाऱ्यांनी दावा मागे घेतला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोम यांनी तोच धातू पुन्हा शोधला आणि नॉर्स सौंदर्यदेवतेच्या नावावरून त्याचं बारसं केलं. देल रिओ बरोबर होते, हे नंतर सिद्ध झालं. तोवर बारशाच्या घुगऱ्या संपल्या होत्या.

आणखी एक, चालता चालता : समुद्रात ‘सी स्क्वर्ट’ नावाचे काही जीव आपल्या रक्तपेशींमध्ये व्हॅनेडियम साठवतात. का साठवतात, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून सुरूच आहे.

आता होता, कुठे गेला?

कॅव्हनसाइटची खरी जादू सूक्ष्मदर्शकाखाली. ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशात, त्याचा पातळ स्फटिक ठेवा आणि फिरवा. एका दिशेने पाहिलं तर निळा. वळवला तर रंग गायब, जवळपास बिनरंगी! पुन्हा वळवा, पुन्हा निळा. जादूगार रघुवीरांच्या शहराला शोभेल असं खनिज. या गुणाला शास्त्रात बहुवर्णिता म्हणतात. आम्ही त्याला ‘पार्टी बदलणं’ म्हणतो.

अंगठीत घालू का?

नका घालू. १८१२ साली फ्रीड्रिख मोस यांनी खनिजांची कडकपणाची पट्टी काढली : एकवर संगजिरे, दहावर हिरा. कॅव्हनसाइट तीन ते चारच्या मधे अडकतं. आपलं नख अडीचच्या आसपास, म्हणजे नखाने ओरखडा उठणार नाही, पण चाकूने सहज उठेल. हवेतल्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा नंबर सात. अंगठी घालून पीएमपीने प्रवास केलात तर स्वारगेटपर्यंत खड्याचा काच-कागद झालेला असेल.

वजनातही गडी हलकाच. पाण्याच्या सव्वादोन पट घनता. क्वार्ट्झ २.६५ पट, हिरा साडेतीन पट. मार्केट यार्डाच्या वजनकाट्यावर याला कुणी भाव देणार नाही.

पिनकोड : ९.ईए

सहा हजार खनिजं लक्षात कशी ठेवायची? जर्मनीचे ह्यूगो स्ट्रुंझ यांनी १९४१ मध्ये त्यांची रासायनिक वर्गवारी छापली आणि पुढे तीच सुधारत सुधारत जगभर रूढ झाली. एक नंबरच्या वर्गात सोनं-तांब्यासारखी शुद्ध मूलद्रव्यं, तीन नंबरच्या वर्गात आपलं सैंधव, सात नंबरला तुरटीची सल्फेट मंडळी. आणि नऊ नंबर? सिलिकेट. पृथ्वीच्या कवचातली ही सर्वांत मोठी जात. कॅव्हनसाइट याच नवव्या वर्गात, त्यातही ‘ई’ म्हणजे थरांच्या सिलिकेटमध्ये. अभ्रकही याच ‘ई’ गल्लीत राहतं.

थर म्हणजे कसे? एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, हा सिलिकेटचा मूळ ठोकळा. हे ठोकळे कोपऱ्याला कोपरा जोडून जाळी विणतात. कॅव्हनसाइटच्या जाळीत चार-चार आणि आठ-आठ ठोकळ्यांची कडी असतात. दोन जाळ्यांच्या मधे व्हॅनेडियम आणि कॅल्शियम त्यांना धरून ठेवतात, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत पाणी मुक्कामाला.

आता मजा बघा. हाच माल, हेच प्रमाण, तेवढंच पाणी, पण कडी सहा-सहाची विणली तर? वेगळं खनिज तयार! त्याचं नाव पेंटागोनाइट. कॅव्हनसाइटचा जुळा भाऊ, तोही निळा, तोही वाघोलीत राहणारा आणि त्याच्यापेक्षाही दुर्मीळ. कोळसेवाल्या कार्बनचे हिरा आणि ग्रॅफाइट असे दोन अवतार असतात ना, तोच प्रकार. कॅव्हनसाइटचे बहुतेक फुलोरे होतात, तर पेंटागोनाइटचे स्फटिक जरा लांबट, सडसडीत, टोकदार. तरीही नवशिक्याला फरक कळत नाही आणि काही विक्रेत्यांना तो कळू द्यायचा नसतो.

पाचाचा पंगा

माहीत आहे का, स्फटिकांना पाच हा आकडा वर्ज्य आहे? घरात षटकोनी फरशा बिनफटीच्या बसतात, चौकोनी बसतात, पण नियमित पंचकोनी फरशा बसवून दाखवा. फटी राहणारच! म्हणून साध्या स्फटिकात पाचपदरी सममिती येऊच शकत नाही. आणि पेंटागोनाइटचं नावच पंचकोनावरून. मग?

मग त्याने पळवाट काढली. एक स्फटिक पाचपदरी होऊ शकत नाही ना, मग पाच स्फटिक एकमेकांना ठरावीक कोनात चिकटून जन्मतात. आडवा छेद घेतला की पाच टोकांची चांदणी! नियमही मोडला नाही, डौलही राखला. वकिलाच्या घरात जन्मायला हवं होतं.

हा पाचाचा नियम खरोखर वाकवणारे पदार्थ १९८२ मध्ये इस्रायलच्या डॅन शेख्टमन यांना दिसले. सहकाऱ्यांनी खिल्ली उडवली. २०११ मध्ये त्याच शोधावर रसायनशास्त्राचं नोबेल आलं.

ओरेगॉनचा शोध, वाघोलीचा बोध

कॅव्हनसाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, १९६० च्या दशकात. स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी १९७३ मध्ये दोन्ही जुळ्यांचं सविस्तर वर्णन छापलं. पण तिकडचे स्फटिक इवलेसे, भिंगाखाली बघण्याजोगे. त्याच सत्तरच्या दशकात वाघोलीतल्या खनिजाची ओळख पटली आणि १९८० च्या दशकाअखेरीस तिथल्या खाणीत असे काही नमुने निघू लागले, की जगभरच्या म्युझियमवाल्यांनी भुवया उंचावल्या. पहिला मान ओरेगॉनचा, पण बाजार मारला वाघोलीने.

कारण आपल्या पायाखालचा काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास त्यांची व्याप्ती आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांमधून फिरलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक उगवू लागले. अंधारात, कुणी बघत नसताना, इतका मेकअप!

आता क्लायमॅक्स. ही खाण रत्नांची नव्हेच, खडीची! सुरुंग लावायचा, डबर काढायचा, क्रशरमध्ये टाकायचा, खडी ब्रासवर विकायची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पुणं बांधलं गेलं ते याच काळ्या दगडावर, आणि मार्केट यार्डात तुम्ही ज्या काँक्रीटवर उभे आहात त्यातली खडीही बेसाल्टच्याच कुळातली. सुरुंगाने एखादी पोकळी उघडी पडली आणि कामगाराची नजर तिथे गेली, तर निळा फुलोरा वाचतो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला जातो आणि हात बदलत बदलत अमेरिकेतल्या टूसॉनच्या खनिज-जत्रेपर्यंत पोहोचतो. ही जत्रा १९५५ पासून भरते. नजर गेली नाही, तर तोच फुलोरा क्रशरच्या जबड्यात. खडा की खडी, निकाल काही सेकंदांत! आमच्या मते जगातलं कॅव्हनसाइटचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक टूसॉन नसून पुण्याचे रस्ते असावेत. पावती मात्र कुणाकडे नाही.

रेल्वेनेही हा उद्योग केलाय बरं का. खंडाळ्याच्या बोरघाटातून १८६३ मध्ये गाडी धावू लागली, त्याआधी डोंगर फोडताना अशाच पोकळ्या उघड्या पडल्या. त्यातले ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट बोटीने थेट ब्रिटनच्या संग्रहालयांत गेले. डेक्कन क्वीन जन्मायच्या कितीतरी आधी दगडांनी मुंबई गाठली होती!

झिओलाइट? कोण, मी?

वाघोलीचा नमुना घेतला की विक्रेता म्हणतो, ‘झिओलाइट आहे, साहेब.’ गादीबद्दल बोलत असेल तर बरोबर. स्टिल्बाइट आणि त्याचा शेजारी ह्यूलँडाइट हे खरे झिओलाइट. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला, तर तो खदखदून फुगला. आपल्या तुरटीच्या लाहीचीच स्वीडिश आवृत्ती! झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. आज कृत्रिम झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत पाण्याचा जडपणा घालवायला वापरतात.

पण वर बसलेलं कॅव्हनसाइट झिओलाइट नाही. पाषाणच्या जुन्या खाणींतलं हिरवंगार, काचेसारखं ॲपोफिलाइट? तेही नाही! झिओलाइटच्या जाळीत सहसा ॲल्युमिनियम असतं आणि या दोघांकडे ते नाही. एकाच पोकळीत राहतात, एकाच ट्रेमध्ये विकले जातात, पण आडनाव वेगळं.

आणि माहीत आहे का, खुद्द पुण्याच्या नावाचंही एक खनिज होतं? ‘पूनालाइट’! हेन्री ब्रुक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने १८३१ मध्ये ते नाव दिलं. हेच ब्रुक ह्यूलँडाइटचेही नामकरणकर्ते. पुढे तपासणीत कळलं, की पूनालाइट म्हणजे आधीच ठाऊक असलेलं मेसोलाइट. नाव रद्द! पुण्याच्या नावाची पाटी काढली गेली आणि पुणेकरांनी त्यावर एकही पाटी लावली नाही, हाच खरा विक्रम.

सरकारी कागदावर मात्र वाघोलीने बढती मिळवली. २०२१ मध्ये ज्या २३ गावांचा पुणे महापालिकेत समावेश झाला, त्यांत वाघोलीही होती. म्हणजे जगप्रसिद्ध खनिजाचं ठिकाण आता रीतसर शहराच्या हद्दीत!

ऑनलाइन दुकानांत कॅव्हनसाइट ‘तिसरा डोळा उघडणारा खडा’ म्हणूनही विकलं जातं. किंमत वाचून आधीचे दोन डोळे मोठे होतात, तिसऱ्याबद्दल आम्ही हमी घेत नाही. खडा शोकेसमध्ये छान दिसतो, तेवढं काम तो चोख करतो.

प्रत्यक्ष बघायचंय? सिन्नरच्या एमआयडीसीत, नाशिक-शिर्डी वाटेवर ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय आहे. नौदलात काम केलेल्या के. सी. पांडे यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. दख्खनच्या पोकळ्यांतला खजिना तिथे काचेआड मांडलाय. निळ्याला सलाम करून झाला की ओकेनाइटपाशी थांबा. आपल्या पुणे-मुंबई पट्ट्यातल्या खाणींतलंच हे खनिज, पण दिसतं थेट कापसाच्या बोंडासारखं, पांढरं, केसाळ, गोल. कुरवाळावंसं वाटतं ना? म्हणून तर काच लावलीय! बोट लागलं की ते कोट्यवधी वर्षांचे केस मोडतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.